आरसेकऱ्याची तिसरी काच

एका राज्यात मेलेल्या माणसाचा चेहरा तेरा दिवसांपुढे टिकत नसे. रोज थोडाथोडा पुसत जाई; तेराव्या दिवशी सूर्य बुडाला की पुरता जाई, चेहऱ्यामागून नाव जाई, आणि नाव गेलं की ते माणूस कधी जन्मलंच नव्हतं असं होई. बायका रिकाम्या पाळण्याकडे बघत आणि हा पाळणा घरात आला कुठून, असं एकमेकींना विचारत.

शाप जुना होता. राजा भद्रकेतूच्या आज्याने एका चेटकिणीच्या लेकाला सुळी दिलं आणि आईला त्याचं तोंडही न दाखवता त्याला जाळलं. ती वेशीत उभी राहून म्हणाली, "मला माझ्या लेकाचं तोंड दिसलं नाही. तुम्हाला तुमच्या मेलेल्यांचं आठवायचं नाही." एवढं बोलली आणि उभ्या जागी तिची राख झाली.

तेव्हापासून त्या राज्यात आरसेकरी झाले. मंतरलेली काच जित्या माणसासमोर धरायची, सात श्वास मोजायचे, की चेहरा काचेत बसे. ती काच ज्या घरात, त्या घराला आपलं माणूस आठवे. बिंब हललं तर राखेने पुसावं, पुन्हा धरावं. इतकं सोपं काम. पण सोप्या कामात माणसाचं मन रमत नाही. आरसेकरी दिवसभर पारावर बसत. कोणाची चौकट शिसवी, कोणाची हस्तिदंती, कोणाच्या काचेत किती बारीक दिसतं, हेच बोलत. नवी काच आली की वेशीजवळच्या विटांच्या भिंतीसमोर धरायची आणि विटांच्या सांध्यातल्या रेघा मोजायच्या, अशी त्यांची रीतच पडली. माणसं मरायची ती मरतच होती.

मल्हण हा राजाचा आरसेकरी. राणी हेमांगी क्षयाने अंथरुणाला खिळली, तेव्हा राजाने त्याला बोलावणं धाडलं. राणीच्या पायाशी सहा वर्षांची राजकन्या चारुमती बसली होती.

"मल्हणा, काच धर," राणी म्हणाली. "माझी लेक लहान आहे."

मल्हणाने काच वर केली, खाली केली. "राणीसाहेब, या काचेत पापण्या मोजता येत नाहीत."

"माझ्या पापण्या मोजून माझ्या लेकीला काय करायचंय?"

"काळ्या डोंगरातल्या मांत्रिकाकडे याहून सरस काच आहे. महिन्यात येतो."

राजाला वाटलं, आपल्या राणीला उत्तम तेच हवं. त्याने घोडा दिला.

मांत्रिक म्हणाला, "जुनी काच ठेव. वर जिभेची चव दे." मल्हणाने दिली. त्या दिवसापासून त्याला अन्न मातीसारखं लागलं.

परत आला तो राणी निम्मी झाली होती. त्याने नवी काच नुसती समोर धरून पाहिली. पापण्या मोजता आल्या. तरी त्याचं तोंड वाकडंच.

"कडेला जरा धूसर येतं, राणीसाहेब."

"मी मध्ये बसते रे, कडेला नाही."

"वाळवंटात एक जोगीण आहे…"

जोगीण म्हणाली, "ही काच ठेव. वर तुझी झोप दे." त्याने दिली. त्यानंतर त्याचा डोळा लागला नाही.

दुसऱ्या काचेत श्वासाची वाफसुद्धा दिसत होती. पण राणीला आता खिडकीपाशी नेववत नव्हतं, आणि काचेला उजेड फार लागे. "समुद्रातल्या बेटावर अंधारात बघणारी काच आहे," मल्हण म्हणाला. राणीने डोळे मिटले. बोलली ती चारुमती.

"मल्हणकाका, पण आई आत्ता आहे."

तो गेला.

बेटावर एक टिटवी काच राखत होती. "ही काच ठेव," ती म्हणाली. "वर डावा डोळा दे." त्याने दिला. "आता ऐक. ही काच एकदाच धरते. धरलेलं बिंब राखेने पुसत नाही, पाण्याने धुपत नाही. ऐकलंस ना?"

मल्हण उरल्या डोळ्याने काच फिरवून फिरवून बघत होता. "ऐकलं, ऐकलं. ही कड कोणी घासली गं?"

टिटवी उडून गेली.

तो वेशीत पोचला तर पारावरचे सगळे आरसेकरी उठून धावले. "आली का? आली का?" एक म्हातारा म्हणाला, "राजवाडा काय पळून जातोय? भिंतीला तर लावून बघ!" हात मल्हणाचा, सवय साऱ्यांची. त्याने काच भिंतीसमोर धरली आणि सात श्वास मोजले.

काय ते बिंब! विटेवरचा बोटाचा ठसा दिसला, सांध्यातून चाललेली मुंगी दिसली, मुंगीच्या पायावरची लव दिसली. माणसं वाहवा करत राहिली. मग मल्हणाने राख घेतली आणि पुसायला बसला. बोटं सोलवटली. काचेला रक्त लागलं, ते पुसलं गेलं. भिंत पुसली गेली नाही. आणि तो पुसत असतानाच राजवाड्यावरचं निशाण खाली आलं.

राजाने काच हातात घेतली, भिंत बघितली. मोठ्याने बोलला नाही. "तेराव्या दिवशी सूर्य बुडेल तेव्हा माझ्या लेकीला आई नव्हतीच असं होईल. त्याच क्षणी तुझं मुंडकं उडेल. तोवर राणीच्या दालनात बैस."

मल्हण बसला. रोज सकाळी चारुमती यायची. "मल्हणकाका, आज आईचे कान गेले." मग कपाळ गेलं. मग हनुवटी. नवव्या दिवशी म्हणाली, "तुम्ही तीनदा तिच्यासमोर बसला होतात. तिचे डोळे कसे होते?"

उजेड कुठून येत होता ते मल्हणाला आठवत होतं. चौकटीची खूण आठवत होती. डोळे त्याने बघितलेच नव्हते.

मग तो उठला. पहारेकऱ्याला बरोबर घेऊन राणीची वेणी घालणाऱ्या हंसीकडे गेला. "मी विसरले रे," हंसी म्हणाली, "पण माझ्या बोटांना ठाऊक आहे." तिने हवेत वेणी घातली, आणि त्या बोटांमध्ये डोक्याचा आकार मल्हणाला दिसला. आचारी म्हणाला, "कढी बिघडली की 'छान झालीय' म्हणायच्या, आणि डावी भुवई खरं सांगायची." शेवटी तो राजापुढे उभा राहिला.

"निघ," राजा म्हणाला.

तो निघाला नाही.

मग राजा म्हणाला, "भांडताना खालचा ओठ आत घ्यायची. मग मी हरायचो."

मल्हणाने दिव्याची काजळी घेतली आणि दालनाच्या पांढऱ्या भिंतीवर बोटाने रेघ ओढली. चार दिवस ओढत राहिला. नाक वाकडं आलं, एक डोळा लहान झाला. तेराव्या दिवशी मुंडकं उडवणारा मांग तलवार घेऊन दारात उभा, सूर्य डोंगराला टेकलेला. चारुमतीने भिंतीकडे बघितलं.

"ही रागावलीय," ती म्हणाली. "मी भात टाकला की अशीच बघते." आणि मग एकदम किंचाळली, "आई!"

सूर्य बुडाला. हेमांगी हे नाव राहिलं.

काचेवाचून मेलेल्याचं तोंड आठवलं; शाप फिटला तो असा. राज्यातल्या सगळ्या मंतरलेल्या काचा त्या घटकेला नुसत्या काचा झाल्या. आणि गेल्या साठ वर्षांत मेलेली माणसं एकाच वेळी साऱ्यांना आठवली. घराघरातून रडणं उठलं. मांगाने तलवार टाकली आणि कोणा आत्याचं नाव घेत खाली बसला. "मला एक धाकटा भाऊ होता," राजा म्हणाला, आणि मल्हणाला हाताने वाट दाखवली.

मल्हण घरी आला. बायको गोमा उंबऱ्यावर बसली होती.

"पवळी," ती म्हणाली. "आपली पवळी. चार वर्षांची होती. तापाने फणफणली होती, मी म्हटलं, अहो, काच धरा. तुम्ही चौकट बदलून आणायला गेला होतात."

मल्हणाने डोळा मिटला. एवढासा हात दिसला, चौकटीला लागू नये म्हणून बाजूला केलेला. बाकी काही दिसेना. शाप फिटला होता, पण जे बघितलंच नव्हतं ते आठवायचं कुठून?

तो बायकोशेजारी बसला.

"कशी होती, सांग," तो म्हणाला.

गोमा सांगू लागली.