लिंपलेलं दार

खाडीला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तिथे एक खेकडीण राहायची. जुनं कवच टाकायची वेळ आली, की ती बिळात शिरून आतून दार चिखलाने लिंपून घ्यायची आणि नवं कवच टणक झाल्यावरच बाहेर पडायची. मऊ अंग कुणाला दिसू नये, नवऱ्याला तर नाहीच नाही!

एकदा उधाणाने तो चिखल धुऊन नेला. पाहते तर दारात नवराच, नांग्या उगारून उभा.

"अहो, बघू नका," ती म्हणाली. "आज नुसतं नांगीचं टोक लागलं तरी फाटेन मी."

त्याने तिच्याकडे पाठ केली आणि नांग्या खाडीकडे रोखल्या. "दरवेळी इथेच उभा असतो मी."

"आणि तुमची वेळ येते तेव्हा?"

त्याने मागे न बघताच सांगितलं, "मीही दार लिंपून घेतो."

पुढे जुनं कवच टाकताना त्याची पाठ उकलली, तेव्हा दारात ती उभी होती. चिखल कुणी कालवलाच नाही.