ईशान्येचं पाणी

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा जिथे विहिरी होत्या तिथे आता टेकाडं असतील. एका राज्याच्या कडेला विणकरांचं गाव होतं, आणि त्या गावात एक घर असं होतं, जिथे पाणी रोज वर चढवलं जाई.

पाणी वर कसं चढेल, असं तुम्ही विचाराल. खराट्याने.

त्या घरातल्या न्हाणीचा ढाळ होता ईशान्येकडे आणि पाणी बाहेर जायचं भोक होतं बरोबर समोर, नैर्ऋत्येकडे. घर बांधलं तेव्हा आजोबांनी गवंड्याला बजावलं होतं, "पाणी ईशान्येलाच गेलं पाहिजे. शास्त्र आहे." त्यांची पाठ वळताच आजीबाईंनी बजावलं, "भोक मागच्या अळूवरच पडू दे हो. माझं अळू सुकायला नको." अळू होतं नैर्ऋत्येला. गवंडी शहाणा माणूस. त्याने दोघांचंही ऐकलं, दोघांच्याही पाया पडला आणि निघून गेला.

पुढे आजोबा गेले, आजीबाई गेल्या. ढाळ आणि भोक मात्र भांडलेल्या भावांसारखे एकमेकांकडे पाठ करून तिथेच राहिले. प्रत्येक आंघोळीनंतर ईशान्येच्या कोपऱ्यात तळं साचे, आणि मग कुणीतरी खराटा घेऊन ते तळं भोकापर्यंत ढकलत नेई. घरात त्याला कुणी अडचण म्हणत नसे. त्याला "न्हाणी आवरणं" म्हणत.

अशा घरात नवी सून आली. ती फारसं बोलत नसे. बघत मात्र असे.

त्या घराची रीत अशी, की नव्या सुनेने सगळ्यांच्या शेवटी न्हायचं आणि न्हाणी आवरून बाहेर यायचं. सासरे न्हाले, सासूबाई न्हाल्या, नवरा न्हाला, की घोट्याएवढ्या गार पाण्यात उभी राहून ती न्हायची आणि मग खराटा उचलायची. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आज काहीतरी तुंबलंय. आठवड्याभरात तिला कळलं, की तुंबलेलंच आहे.

"आत्याबाई," तिने एकदा सासूबाईंना विचारलं, "हे पाणी असं उलटं का जातं?"

"उलटं कुठे जातंय? नीट ईशान्येला जातंय," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या माहेरी खराटे नव्हते वाटतं?"

सुनेने पुन्हा खराटा उचलला. तिला बोलणं आवरता येत असे. न्हाणी आवरता येत नव्हती.

त्या ईशान्येच्या कोपऱ्याच्या पलीकडे मागाची खोली होती. त्या मागावर घर जगत होतं. सासरे आणि नवरा आळीपाळीने मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत, आणि सुताचा धोटा इकडून तिकडे पळे. पण मागामागची भिंत काही वर्षांपासून ओलसर होती. आधी पोपडे आले. मग बुरशी आली. त्या वर्षी भिंतीला पोट सुटलं, आणि खड्ड्यात पाणी झिरपू लागलं. सूत ओलं होई, तुटे, विणलेल्या कापडावर डाग पडत.

सासऱ्यांनी गवंडी बोलावला. पण गावोगावचे सगळे गवंडी राजाने आपल्या नव्या स्नानगृहासाठी राजधानीत नेले होते. राजा दर महिन्याला दगडाचा रंग बदलत होता, त्यामुळे कुणी परतत नव्हतं. गावच्या गवंड्याचा निरोप आला: येतोच. पुढच्या वेळी निरोप आला: निघालोच.

शेवटी एका सकाळी सासऱ्यांनी भिंतीवर हात ठेवला. हाताला चिखल लागला.

"ही भिंत पडणार," ते म्हणाले. "मागावरच पडणार. माग हलवावा लागेल. नदीपलीकडे माझ्या मावसभावाकडे जागा आहे."

"आणि विणणार कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"माग जाईल तिथे विणणारा जाईल. मला आता नदी ओलांडणं होत नाही. मुलगा जाईल. सणाला येत जाईल."

सुनेच्या हातात सुताच्या कांड्यांची टोपली होती. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती टोपली घेऊन न्हाणीच्या दारावरून निघाली, आणि एक कांडी टोपलीतून आत पडली.

कांडी घरंगळत गेली. भोकाकडे नाही. थेट ईशान्येच्या कोपऱ्यात गेली आणि भिंतीला टेकून थांबली. त्याच भिंतीच्या पलीकडे माग होता.

सुनेने कांडी उचलली, कमरेला खोचली आणि त्या भिंतीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या शेवटी न्हाताना तिने कोपऱ्यातल्या पाण्यात मूठभर नीळ टाकली. घरात सूत रंगवायला नीळ असेच. त्या दिवशी तिने खराटा उचललाच नाही. "न्हाणी आवरायची राहिली आज," असं सासूबाई तीनतीनदा म्हणाल्या. ती "हो आत्याबाई" म्हणाली आणि भाकऱ्या थापत राहिली.

पुढे दोन-तीन दिवस असंच चाललं. मग मागाच्या खोलीतून सासऱ्यांची हाक आली.

"अरे, ही भिंत निळी कशाने झाली?"

सगळे धावले. मागामागच्या भिंतीवर, पोट सुटलं होतं तिथे, निळा ओघळ उतरला होता.

"मी न्हाणीत नीळ टाकली होती, मामंजी," सून दारातूनच म्हणाली. "भिंत आजारी नाही. ती आपलं आंघोळीचं पाणी पितेय. न्हाणीचा ढाळ फिरवला तर भिंत सुकेल."

सासऱ्यांनी ओघळाला बोट लावून पाहिलं. मग सासरे म्हणाले, "तो ढाळ माझ्या वडिलांनी दिलाय. पाणी ईशान्येला जाऊ दे म्हणून ते सांगून गेलेत."

"जाऊ दे म्हणाले, मामंजी. बसू दे म्हणाले नाहीत."

नवऱ्याला हसू आलं. ते त्याने खोकल्यात घालवलं.

"आणि भोक हलणार नाही," सासूबाईंनी बजावलं. "ते माझ्या सासूबाईंच्या अळूवर आहे."

"भोक आहे तिथेच राहू दे, आत्याबाई. ईशान्येलाही पाणी राहील. तिथे रांजण ठेवू. पाणी तिथून निघेल आणि अळूवर जाईल. दोघांचाही शब्द राहील."

सासरे विचारात पडले. एवढी वर्षं त्या घरात दोन शब्द एकमेकांशी भांडत होते, आणि त्यांच्यामध्ये एक रांजण ठेवावा हे कुणाला सुचलं नव्हतं.

"करणार कोण?" त्यांनी विचारलं. "गवंडी तर नाही."

"आपण," सून म्हणाली.

"बाई गं," सासूबाई म्हणाल्या, "आता माझी सून गवंडी झाली." पण त्यांनी नको म्हटलं नाही. माग नदीपलीकडे गेला तर मुलगाही जाणार होता, हे त्यांनाही दिसत होतंच.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने पहार घेतली आणि न्हाणी फोडली. घराची पंचाईत झाली. सासरे परसात धोतराचा आडोसा करून न्हाऊ लागले आणि रोज वाऱ्याला शिव्या देऊ लागले. सासूबाई विहिरीवर जाऊ लागल्या. तिथे शेजारीण विचारी, "काय हो, न्हाणीचं काय झालं?" सासूबाई म्हणत, "सुनेला विचारा. तिनं घर फोडायला काढलंय."

सुनेने मागाचं सूत घेतलं. तीन कोपऱ्यांत खुंट्या मारल्या, चौथ्या कोपऱ्यातल्या भोकाकडे तिन्हींचं सूत ताणलं, आणि दर हाताला एक बोट खाली उतरवत नेलं. सूत ताणणं तर त्या घरातल्या मांजरालाही येत असेल. सुताखाली विटांचे तुकडे भरले. नवऱ्याने कळीचा चुना पाण्यात विरवला, चाळला, त्यात वाळू आणि गुळाचं पाणी कालवलं. चुना पसरला, आणि सून चोपणं घेऊन बसली. हे लाकडी चोपणं जड असतं. कोबा, म्हणजे हा चुन्याचा थर, त्याने ठोकून ठोकून घट्ट करायचा असतो.

ती ठोकू लागली. ठोकता ठोकता तिला आठवलं: "तुमच्या माहेरी खराटे नव्हते वाटतं?" चोपणं जोरात पडलं. "माझी सून गवंडी झाली." अजून जोरात पडलं. विहिरीवरचं बोलणंही तिच्या कानावर आलं होतंच. त्याचीही तिने सोय लावली. तिचे हात दुखून आले, पण मन हलकं झालं.

कोबा वाळल्यावर तिने त्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

पाणी भोकाकडे निघालं, आणि वाटेत थांबलं. इथे एक खळगा, तिथे एक खळगा. प्रत्येक टोमण्याचा एक खळगा पडला होता, आणि ढाळही मोडला होता. पाणी प्रत्येकात थोडं थोडं बसलं, आणि उरलेलं आलं होतं तसं कोपऱ्याकडे परत वळलं.

शेजारीण कुंपणावरून बघत होती. ती हसली. सासरे आत गेले आणि मागाचे दोर सोडायला लागले. पहिला दोर सुटल्याचा आवाज न्हाणीपर्यंत आला.

सून तिथेच बसून राहिली. तेव्हा तिच्या शेजारी सासूबाई येऊन बसल्या. त्यांनी खळग्यांवरून बोट फिरवलं. एक, मग दुसरा, मग तिसरा.

"हा कुठला?" त्यांनी विचारलं.

सुनेने तो खळगा तळहाताने झाकला.

"खराट्याचा असणार," सासूबाई म्हणाल्या. "चांगला खोल आहे." त्यांनी पदर खोचला. "मी लहान असताना आमच्याकडे कोबा घातला होता. आम्ही सगळ्या पोरी ओळीनं बसलो होतो. चोपणं उचलायचं आणि आपल्या वजनानं पडू द्यायचं. मागावर सूत बसवायला फणी ठोकतात, ती बघतेस ना? तसंच. एकसारखं. फणी रागानं ठोकली तर कापडाला भोक पडतं, हे तुला कुणी सांगायला हवं होतं का?"

"नाही, आत्याबाई."

"मग ऊठ. हा वरचा थर उकर." आणि त्यांनी आतल्या दिशेने हाक मारली, "अहो, ते दोर पुन्हा बांधा. न्हाणी अजून व्हायचीय."

थर उकरला. नवा चुना कालवला. दोघी समोरासमोर बसल्या आणि चोपणी पडू लागली, ठप ठप, ठप ठप, मागाच्या लयीत. आत सासरे दोर बांधता बांधता त्याच लयीत मान हलवू लागले. शेजारीण थोडा वेळ कुंपणावर उभी राहिली. मग म्हणाली, "अजून एक चोपणं आहे का?" ती येऊन बसली. तिच्याही घरच्या न्हाणीत पाणी साचत होतं, हे तिने तेव्हा सांगितलं.

कोबा ओल्या पोत्याखाली मुरू दिला. मग एका सकाळी सगळे न्हाणीच्या दारात उभे राहिले. ईशान्येला रांजण बसवला होता, भरलेला. सुनेने कमरेची कांडी काढली आणि रांजणाजवळ सोडली.

कांडी हलली. घरंगळली. कुठेही न थांबता न्हाणी ओलांडून भोकातून बाहेर पडली आणि अळूत जाऊन लपली. मागोमाग सासऱ्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. तेही त्याच वाटेने गेलं. कोबा असा कोरडा राहिला, की मांजर येऊन त्यावर बसलं.

"माझ्या वडिलांचं पाणी," सासरे म्हणाले, "आज पहिल्यांदा कुठेतरी गेलं."

भिंत सुकली. तिचं पोट उतरवून नवऱ्याने तिला नवा गिलावा केला. माग जागचा हलला नाही, आणि विणणाराही हलला नाही. अळूची पानं सुपाएवढी झाली. पहिल्या अळूवड्या सासूबाईंनी सुनेच्या ताटात वाढल्या. शेवटी न्हायची रीत त्याच दिवशी मोडली. आता ज्याला आधी जाग येईल तो आधी न्हाऊ लागला. कोपऱ्यातला खराटा अंगणात गेला. तिथे त्याला पानं गोळा करायचं साधं, सरळ काम मिळालं.

पुष्कळ दिवसांनी गावचा गवंडी राजधानीहून परतला. निरोपाला जागून तो थेट त्या घरी आला. न्हाणीत त्याने पाणी ओतलं, ते जाताना पाहिलं, पुन्हा ओतलं, पुन्हा पाहिलं. मग हात लावून कोबा चाचपला.

"बाहेरगावचा गवंडी बोलावलात वाटतं," तो थोडा रुसून म्हणाला.

"बोलावला होता तो आला नाही," सासूबाई म्हणाल्या. "घरी होता त्यानं केलं." आणि त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. चुन्याने दोघींचेही हात अजून खरखरीत होते.

गवंडी जरा घुटमळला. मग हळूच म्हणाला, "राजाच्या स्नानगृहात अजून पाणी साचतं. तुम्ही हा कोबा ठोकलात तरी कसा?"

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी सुनेकडे.

"राग बाजूला ठेवून," सून म्हणाली. त्या दिवशी ती तेवढंच बोलली.

पुढे त्या गावात कुणाची न्हाणी तुंबली, तर गवंड्याला निरोप जायच्या आधी चोपणं शोधलं जाई.

लहानांनो आणि थोरांनो, या गोष्टीचं सांगणं एवढंच: जी अडचण आपण रोज आवरत बसतो, ती एकदा मुळापासून उकरावी आणि शांत हातांनी आपली आपणच नीट करावी.