सेनापतींचं मधलं पान

शेजारच्या राज्यात डोंगरवाले नि नदीवाले एकमेकांच्या जिवावर उठले होते. गोमाईची लेक तिथेच नांदत होती, म्हणून म्हातारी राजाकडे फौज मागायला आली.

सेनापती रंगराव मिशी पिळत म्हणाले, "आठवड्यात गप्प करून परततो!"

गोमाईच्या मनात आलं, फौज परतल्यावर लेकीचं काय? तिने विचारलं, "सेनापती, रोज जेवणवेळी घरी का पळता हो?"

"पोरं हाडवैरी! पंगतीत मधलं पान माझं नसलं, तर एकमेकांची डोकी फोडतील."

"मग तिकडेही मधल्या पानावर बसा. तुमच्याविना ते एका पंगतीत जेवले, की परता!"

दरबार खदखदून हसला, राजाने तसाच हुकूम सोडला.

म्हणतात, रंगराव अजून तिथेच जेवतात, आणि गोमाईची लेक त्यांना वाढते.