हैबती तेली आणि विहिणीची जडीबुटी

फार वर्षांपूर्वी, माझ्या पणज्याला दुधाचे दात होते तेव्हा, काळधोंडी गावात हैबती तेली राहायचा. वय पंच्याहत्तर. त्याचे गुडघे असे वाजायचे, की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायची, असं म्हणतात. हसू नका, तुमचेही इथवर ऐकू येतात.

गावाच्या टेकडीवर भैरोबा. पायऱ्या तीनशे साठ. जत्रेला दीपमाळेत पहिलं तेल घालायचा मान गावातल्या सगळ्यात वडील माणसाचा. अट एकच, आपल्या पायांनी वर यायचं. वडील होता हैबती. पण तो खाली ओट्यावर बसून राहायचा आणि मान घ्यायची त्याची विहीण सगुणाक्का, त्याच्याहून आठ दिवसांनी धाकटी. तेल हैबतीच्या घाण्याचं, मान विहिणीचा! हैबतीच्या पोटात असं दुखायचं, की घरातला ओवा संपायचा.

सगुणाक्का रोज पहाटे टेकडी चढायची. थंडी म्हणू नका, पाऊस म्हणू नका. वर पोचली की कनवटीची चंची सोडून काहीतरी तोंडात टाकायची, असं हैबतीच्या कानावर आलं.

"जडीबुटी!" तो बायकोला म्हणाला. "नाहीतर म्हातारी हरणासारखी चढते होय? हुडकूनच काढतो."

दुसऱ्या पहाटे हैबती काठी टेकत मागं. अकरा पायऱ्या झाल्या आणि बसला. पुढच्या दिवशी तेरा. म्हातारी केव्हाच दिसेनाशी झालेली. रोज शिव्या देत तो दोन पायऱ्या जास्त चढायचा. गाव कुजबुजलं, तेली विहिणीच्या मागं लागला! बायको म्हणाली, "माझ्या मागं कधी घाण्याभोवतीसुद्धा फिरला नाहीत."

दिवाळी गेली, संक्रांत गेली, जत्रा आली. सगुणाक्का तेलाची बुधली घेऊन निघाली. ती बघूनच हैबतीचं टाळकं फिरलं. काठी पहिल्या पायरीशी मातीत खुपसली आणि तो तरातरा मागं सुटला. शेवटच्या पायरीवर तिला गाठलंच.

"विहीणबाई, चंची उघडा!"

तिनं उघडली. आत भाजलेले चिंचोके.

"मग जडीबुटी कुठंय?"

"ती तुम्ही रोज तुडवताय की व्याही! तीनशे साठ मात्रा." तिनं बुधली त्याच्या हातात दिली. "घाला तेल. वडील तुम्ही."

ती दीपमाळ वाऱ्यावादळात सात दिवस विझली नाही, असं म्हणतात. मान मिळाला, पण हेवा कुठला जातोय! हैबतीला धाप लागली होती आणि म्हातारीला लागली नव्हती. म्हणून तो दुसऱ्या दिवशीही तिच्या मागं गेला. असा सत्तावीस वर्षं जात राहिला. खाली विसरलेल्या काठीला पालवी फुटली, पांगारा झाला.

तो पांगारा अजून आहे. काळधोंडीची म्हातारी माणसं पहाटे त्याच्या बुंध्याला काठ्या टेकवतात आणि जोडीजोडीनं टेकडी चढतात. मागच्यानं पुढच्याला ओरडायचं, "थांब, तुझी जडीबुटी हुडकतो!" जो ओरडणार नाही, त्याला वर चिंचोका मिळत नाही.

आणि पुढच्यानं काही झालं तरी मागं वळायचं नाही. सगुणाक्का कधी वळली नव्हती. वळली असती तर हैबतीला तिचं हसू दिसलं असतं.