दिवाणजींची काकडी

रोजच्यासारखाच दिवस होता. पाटाला पाणी सोडलेलं, ऊन चढत चाललेलं, आणि गोजरा राजबागेत काकड्या खुडत होती. एवढ्यात कुंपणापलीकडून दवंडी ऐकू आली.

"नगरात शंभर माणसं बेकार! त्यांत पुरुष ऐंशी, बायका फक्त वीस! सबब, बागेतल्या वीस बायकांची कामं उद्यापासून पुरुषांना!"

नवरा गेल्यापासून गोजराची चूल या बागेवरच पेटत होती. हात धुऊन ती तडक दरबारात गेली.

"महाराज, मोजणी चुकली."

"चुकली?" दिवाणजी गरजले. "चार दिवस पारावर आणि पाणवठ्यावर बसून एकेक रिकामं माणूस मोजलंय मी!"

"रिकामीच मोजलीत ना?"

"मग काय कामावरची मोजू? ती बेकार कुठे असतात, बाई!"

महाराजांना गंमत वाटली. "गोजरा, आमच्या दिवाणजींनी तीस वर्षांत एक चूक कबूल केलेली नाही. ती तू त्यांच्याच तोंडून वदवून घे. आकडा मात्र एकही बदलायचा नाही! सूर्य मावळायच्या आत जमलं तर बाग तुमची. नाही तर उद्या पाऊल ठेवायचं नाही!"

दुपारी गोजरा परत आली. डोक्यावर मोठी टोपली, हातात छोटी परडी.

"टोपलीत ऐंशी काकड्या आहेत, परडीत चार. यांत कुंपणाच्या वेलाच्या दहा आहेत, कडूजहर! आठ टोपलीत मिसळल्यात, दोन परडीत. दिवाणजींनी डोळे मिटून एक काढावी आणि सगळी खावी."

"खा हो दिवाणजी!" महाराज म्हणाले.

दिवाणजींनी डोळे मिटायच्या आधीच हात टोपलीकडे नेला.

"अहो, तिकडे आठ कडू आहेत! परडीत दोनच!"

"वेडी का खुळी तू?" दिवाणजी खेकसले. "इथे ऐंशीत आठ, म्हणजे दहांत एक. तिथे चारांत दोन, म्हणजे निम्म्या कडू! नुसत्या कडू मोजून काय कळतं? कितीपैकी, ते नको बघायला?"

दिवाणजींचा हात टोपलीतच राहिला.

"बघा की मग," गोजरा म्हणाली. "तुमच्याच दप्तरात आहे. कामासाठी घराबाहेर पडणारे पुरुष आठशे, त्यांत रिकामे ऐंशी. बाहेर पडणाऱ्या बायका चाळीस. वीस बागेत, वीस रिकाम्या. आकडे तुमचेच, दिवाणजी. फक्त काकडी खाताना 'कितीपैकी' बघता आणि बाई मोजताना विसरता!"

महाराज इतके हसले की पगडी मांडीवर आली. "दिवाणजी, बोललात की हो!"

दिवाणजींनी काकडी खाल्ली. गोड निघाली. त्यांचं नशीबच तसं होतं.

महाराजांनी हुकूम फाडला. गोजराला जरीकाठाचं लुगडं दिलं आणि पुढच्या मोजणीला तिला सोबत न्यायचं ठरलं. दरबार उठला.

त्या वीस रिकाम्या बायकांना काम द्यायचं तेवढं राहून गेलं.