पानाला शिक्रा म्हणणारी मधली

सागाच्या एका रानात, जिथे उन्हाळ्यात पाचोळ्याचा असा खच पडतो की उंदीर चालला तरी हत्ती आल्यासारखं वाटतं, तिथे सातभाई नावाच्या पाखरांचा एक थवा राहत असे. नाव सातभाई, पण मुलांनो, मोजायला बसाल तर कधी पाच भरतात, कधी नऊ, आणि भावांत निम्म्या बहिणी निघतात. रंग मातकट, डोळे सदा रागावल्यासारखे आणि कलकलाट एवढा, की शेजारच्या घुबडाने म्हणे दिवसा झोप मिळेना म्हणून दोन डोंगर पलीकडे बिऱ्हाड हलवलं.

या थव्याची एक रीत होती. सगळ्यांनी खाली पाचोळा उलटून अळ्या वेचायच्या आणि एकाने उंच फांदीवर पहाऱ्याला बसायचं. पाखरं मारून खाणारा शिक्रा दिसला की पहारेकऱ्याने आरोळी ठोकायची आणि बाकीच्यांनी करवंदीच्या जाळीत घुसायचं. थव्याचा म्होरक्या होता थोरला. मनाने फार चांगला. थंडीत सगळे एका फांदीवर चिकटून बसत, तेव्हा वाऱ्याची बाजू तो स्वतः घेई. पण त्या वर्षी अळ्या कमी झाल्या होत्या आणि नुकती उडायला लागलेली तीन पिल्लं दिवसभर चोच उघडून मागे फिरत होती. ती जगतील ना, या काळजीने थोरल्याला घास गोड लागेना.

पहाऱ्याला बहुधा मधली बहीण असे, कारण तिची नजर सगळ्यांत तीक्ष्ण. पण एका सकाळी तिने तीनदा आरोळी दिली आणि तिन्ही वेळा शिक्रा नव्हताच. एकदा गरगरत येणारं सागाचं पान होतं, एकदा फुलपाखराची सावली, एकदा पुन्हा पानच. तीनदा सगळे जाळीत पळाले आणि तीनदा चोचीत आलेल्या अळ्या पाचोळ्यात पसार झाल्या. धाकटा भाऊ पिसं झटकत म्हणाला, उद्या ढग आला तरी ताई ओरडेल. थोरल्याला मात्र हसू आलं नाही. उपाशी पिल्लांकडे पाहून त्याने हुकूम सोडला, "नक्की दिसल्याशिवाय ओरडायचं नाही. जो खोटं ओरडेल, तो त्या दिवशी सगळ्यांच्या शेवटी खाईल."

हुकूम असा लागू पडला की विचारू नका. आठ दिवस एकही आरोळी नाही. पिल्लांची पोटं भरू लागली, थोरला मान ताठ करून हिंडू लागला. रान एवढं शांत झालं, की ते घुबड परत येऊन जागा बघून गेलं म्हणतात.

नवव्या सकाळी मधलीला पलीकडच्या ऐनाच्या झाडामागे काहीतरी हललेलं दिसलं. आरोळी अगदी गळ्यापर्यंत आली. पण पान असलं तर? तिने एकदा निरखून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. तिची खात्री पटली, तोवर शिक्रा झाडाला वळसा घालून खाली झेपावला होता. थोरला तेव्हा एका पिल्लाला पान कसं उलटायचं ते शिकवत होता. पाचोळ्यावरून सरकणारी सावली दिसताच त्याने पिल्लाला जाळीत ढकललं, मागोमाग स्वतः घुसला, पण पुरता घुसला नाही. शिक्र्याच्या पंजात त्याची सगळी शेपटी गेली.

शिक्रा दूर गेल्यावर थोरला उड्या मारत फांदीवर चढला. शेपटीवाचून तोल जाऊन दोनदा पडला, त्याने राग आणखीच वाढला.

"दिसला नव्हता?" त्याने विचारलं.

"दिसला होता, दादा."

"मग?"

"नक्की दिसेपर्यंत थांबले," मधली म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला सांगितलं होतं तेवढंच तिने केलं होतं. खालून धाकटा पुटपुटला, "हललेलं मलाही वाटलं होतं. पण वाटण्याला आपल्याकडे शिक्षा आहे ना."

हे मात्र थोरल्याला शेपटीपेक्षा जास्त लागलं. दोघांनी पाहिलं होतं आणि दोघंही गप्प बसले होते. तो सरकून मधलीच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "चूक तुझी नाही, मधले. तुझा गळा मी आवळला होता."

दुसऱ्या दिवशी पहाऱ्याला तो स्वतः बसला. थोड्या वेळाने त्याने अशी आरोळी ठोकली की सगळे एकमेकांच्या अंगावरून जाळीत शिरले. आणि वरून, अगदी सावकाश, एक पान खाली आलं. सगळे माना वर करून पाहू लागले, आता हा काय म्हणतो.

"पान होतं," थोरला म्हणाला. "पुन्हा असंच हललं, तर पुन्हा ओरडेन. तुम्हीही ओरडा. सगळ्यांच्या शेवटी खायची शिक्षा आता कुणालाच नाही."

तुम्ही म्हणाल, मग सगळेच ऊठसूट ओरडले असतील. ओरडले की! दोन दिवसांत जाळीत ये-जा करून चांगली पायवाट पडली. तिसऱ्या दिवशी मधलीनेच तोड काढली. नुसता संशय आला तर एकच छोटी हाक द्यायची. पळायचं नाही, सगळ्यांनी माना वर करून बघायचं. खात्री झाली की लांब आरोळी. थोरल्याने ती रीत त्याच दिवशी सुरू केली, आणि कुणाची म्हणून कुणी विचारलं तर मधलीकडे बोट, म्हणजे चोच, दाखवली.

पुढच्या महिन्यात शिक्रा उरलेला थोरला न्यायला आला. मधलीने छोटी हाक दिली, सगळ्यांच्या माना वर झाल्या, ऐनाच्या झाडाची दुसरी बाजू धाकट्याला दिसत होती, त्याने लांब आरोळी ठोकली. शिक्रा पोहोचला तेव्हा पाचोळ्यावर कुणी नव्हतं. करवंदीचा काटा तेवढा मिळाला, तो घेऊन गेला.

जाळीतल्या अंधारात मधलीने हळूच विचारलं, "दादा, शेपटी?"

ती नुकतीच अर्धी उगवली होती, तीही जरा तिरकी. थोरल्याने आधी पिल्लं मोजली, मग मान वळवून मागे पाहिलं.

"तिन्ही आहेत," तो म्हणाला. "आणि शेपटीही."

तात्पर्य : ज्या म्होरक्याच्या सोबत्यांना चुकायची भीती वाटते, त्याच्यापर्यंत धोक्याची बातमी सगळ्यांत शेवटी पोहोचते.