पैलतीरावरची म्हातारी

फार जुन्या काळी एका मोठ्या नदीच्या घाटावर गोंदाजी हा सरकारी कारभारी होता. होडी राजाची. गोंदाजीच्या हुकमाशिवाय तीत कुणाला बसता येत नसे.

गोंदाजी हुशार, पण कामचुकार. ऊन चढल्यावर घाटावर यायचा आणि झाडाखाली सोंगट्यांचा डाव मांडायचा. पलीकडे कुणाची लेक अडलेली असायची, कुणाला वैद्याकडे जायचं असायचं. माणसं ताटकळत बसत. “होईल उद्या,” तो म्हणे.

त्याची आई दूर डोंगरापल्याड राहायची. नोकरी लागल्यापासून तिची भेट नव्हती. तिच्या आठवणीनं त्याचा जीव तुटायचा. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर तो निरोप धाडायचा, “आई, एकदा इकडे ये गं.”

एका दुपारी भिवा नावाडी पैलतीरावरून आला.

“कारभारी, पलीकडे माणसं थांबलीत. त्यात एक म्हातारी सकाळपासून उन्हात बसलीय. तिला आणू का?”

डाव रंगात आला होता. मान वर न करता गोंदाजी म्हणाला, “एकटीसाठी कुठं होडी नेतोस? उद्या आण सगळ्यांबरोबर.”

दुसऱ्या दिवशी भिवा एक गाठोडं घेऊन आला.

“ती म्हातारी परत गेली. ज्यांच्या गाडीतून आली होती, त्यांना परतायचं होतं. म्हणाली, हे धपाटे माझ्या गोंदाला दे.”

गोंदाजीनं गाठोडं ओढून घेतलं. “अरे, आधी का नाही सांगितलंस?”

“मलाही ती जायला निघाली तेव्हाच कळलं. म्हणाली, सगळे थांबलेत, मग मीच पुढं कशी येऊ? माझा लेक कामात असेल.”

रजा मिळून बदली माणूस येईपर्यंत पावसाळा सरला. गोंदाजी धावतपळत घरी पोचला.

“आई, मी आलोय. बघ ना माझ्याकडे!”

आईनं चाचपडत त्याचा चेहरा शोधला. “डोळे विझत चालले होते रे. त्याआधी तुला एकदा पाहावं म्हणून आले होते.” तिची बोटं त्याच्या ओठांवर थबकली. “मिशा ठेवल्यास? कशा दिसतात तुला?”

गोंदाजीनं तिचा हात धरून आपल्या गालावर ठेवला.

तो आईला घाटावर घेऊन आला. तेव्हापासून उजाडताच होडी सुटू लागली. संध्याकाळी आई विचारी, “आज पलीकडे कुणी राहिलं का रे?”

“कुणी नाही, आई.”

ती त्याच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून हसे. ती नजर एकदा तरी आपल्यावर ठरावी, म्हणून गोंदाजी जन्मभर झुरत राहिला.

तात्पर्य एवढंच: आपल्या दाराशी कामासाठी थांबलेलं माणूस कुणाच्या तरी ओढीनं आलेलं असतं. त्याचं काम वेळेवर करावं. गेलेली वेळ कुणाच्याही हुकमानं परत येत नाही.